चौथ्या स्थानावरच्या मुली

कल्याण सोडून कर्जतच्या बाजूला निघालेली लोकल उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके घेत जाते, तेव्हा खिडकीतून दिसणारी मोकळी मैदाने आता मोजावी लागतात. एकेकाळी येथे लष्कराचा कल्याण कॅम्प होता. फाळणीनंतर त्याच्या बराकींतून सिंधी निर्वासितांचे संसार उभे राहिले आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथला आगपेटीच्या आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांनी माणसे ओढून आणली. गोवा, मंगळूर, वसई येथून आलेली आपली कुटुंबे याच ओघात इकडे स्थिरावली. गेल्या वर्षी पॅरिशच्या क्रीडादिनी आम्ही काही मुलींना विचारले, की ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांचे हॉकी पहिल्यांदा खेळले गेले, त्या संघातील एखादे नाव सांगता येईल काय? एका चुणचुणीत मुलीने 'चक दे' या चित्रपटातील नायकाचे नाव सांगितले! आम्ही हसलो खरे. पण मग मोठ्यांना विचारले, तर तेही गप्प. म्हणून हा लेखप्रपंच.

ते साल होते १९८०. मॉस्कोच्या ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या हॉकीला प्रथमच प्रवेश मिळाला होता. परंतु अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्याच्या निषेधार्थ अनेक देशांनी बहिष्कार पुकारला आणि आधी ठरलेल्या संघांपैकी यजमान रशियाखेरीज कुणीही उरले नाही. रिकाम्या जागा भरण्यासाठी घाईघाईने इतरांना बोलावणी गेली. अशा रीतीने भारत, झिंबाब्वे, चेकोस्लोव्हाकिया, ऑस्ट्रिया, पोलंड आणि रशिया हे सहा देश एकत्र आले. भारताचा संघ मात्र केवळ भरतीचा नव्हता, हे येथे सांगितलेच पाहिजे. १९७४ साली फ्रान्समध्ये झालेल्या पहिल्या महिला विश्वचषक स्पर्धेत आपला संघ चौथा आला होता.

पंजाबातल्या फरीदकोटच्या रूपा सैनी या संघाच्या कर्णधार होत्या. संघाची यादी वाचताना मात्र आपण एखाद्या पॅरिशची बाप्तिस्म्याची नोंदवही चाळत आहोत की काय, असे वाटू लागते. एलिझा नेल्सन, सेल्मा डिसिल्वा, लॉरेन फर्नांडिस, मार्गारेट तोस्कानो! त्यांच्या जोडीला हुतोक्शी बागली आणि नाझलीन मद्रासवाला ही पारशी नावे, आणि रेखा मुंडफण हे मराठी नाव. हे अकस्मात घडले नव्हते. मुलींनी गुडघ्यापर्यंतचा झगा घालून भर मैदानात स्टिक घेऊन धावावे, ही गोष्ट बऱ्याच घरांत तेव्हा अशोभनीय मानली जात असे. अँग्लो-इंडियन, गोवेकर आणि पारशी समाजांत, विशेषतः कॉन्व्हेंटच्या शाळांत, ती अंगवळणी पडलेली होती. १९६१ साली हॉकीसाठी अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या महिला अ‍ॅन लम्सडेन, किंवा १९६५ साली तोच मान मिळवणाऱ्या बंगळूरच्या एल्व्हेरा ब्रिटो आणि त्यांच्याबरोबर खेळणाऱ्या दोघी बहिणी, या साऱ्या याच परंपरेतल्या. शाळेने स्टिक हाती दिली, तर पुढे रेल्वेने नोकरी दिली. रेल्वेची नोकरी नसती तर शाळा सुटल्यावर यांतल्या कित्येकींचा खेळही सुटला असता, असे आम्हांस वाटते.

आता मॉस्कोकडे वळू. उपान्त्य वा अंतिम असे सामने तेथे नव्हते. प्रत्येक संघाने उरलेल्या पाचांशी खेळायचे, विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक. खेळ कृत्रिम हिरवळीवर होता, आणि आपल्या मुली गवतावर आणि मातीवर वाढलेल्या. तरीही त्यांनी ऑस्ट्रियाला २-० आणि पोलंडला ४-० असे हरवले. चेकोस्लोव्हाकियाकडून त्या १-२ अशा हरल्या. पुढे ज्यांनी सुवर्णपदक पटकावले, त्या झिंबाब्वेच्या संघाला त्यांनी १-१ असे बरोबरीत रोखले. ३१ जुलैला यजमान रशियाशी गाठ पडली. तो सामना आपण ३-१ ने गमावला. रशियाचे सहा गुण झाले आणि कांस्यपदक त्यांच्याकडे गेले. भारताचे पाच. तो एक सामना बरोबरीत जरी सुटला असता, तरी भारताचे सहा आणि रशियाचे पाच होऊन पदक आपल्या मुलींच्या गळ्यात पडले असते. एका गुणाचा हा हिशेब आम्ही कागदावर पुन्हा पुन्हा मांडून पाहिला. उत्तर अर्थातच बदलले नाही.

जाता जाता झिंबाब्वेची गंमत. देशाला स्वातंत्र्य मिळून चार महिनेही झाले नव्हते, संघ ऐनवेळी जमवलेला, आणि सुवर्णपदक जिंकल्यास प्रत्येकीला एक बैल देण्याचे वचन! परतल्यावर हाती पडली ती मांसाची पुडकी. मान्यवरांची आश्वासने सर्वत्र सारखीच असतात, असे दिसते.

आपल्या मुलींनी दोनच वर्षांनी उट्टे काढले. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेत महिला हॉकीचा प्रथमच समावेश झाला आणि पुण्याच्या एलिझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकले. १९८१ चा अर्जुन पुरस्कार आणि १९८३ ची पद्मश्री त्यांना मिळाली. पण त्याच स्पर्धेत पुरुषांचा संघ पाकिस्तानकडून १-७ असा हरला. त्या पराभवाच्या कहाण्या आम्ही आजवर शेकडो वेळा ऐकल्या आहेत. मुलींच्या सुवर्णाविषयी कुणी आपणहून बोलल्याचे आम्हांस आठवत नाही. आशियाई स्पर्धेतले त्यांचे ते एकमेव सुवर्ण आहे. पुढच्या चार दशकांत ते पुन्हा हाती लागले नाही.

मॉस्कोनंतर ऑलिम्पिकचे मैदान पुन्हा दिसायला छत्तीस वर्षे लागली. ते २०१६ साली, रिओमध्ये. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियोला ब्रिटनकडून ३-४ असे हरून आपल्या मुली पुन्हा चौथ्याच राहिल्या. आता नावे बदलली आहेत. झारखंडच्या सिमडेगा आणि खुंटी जिल्ह्यांतल्या सलीमा टेटे आणि निक्की प्रधान यांची नावे घेतली जातात. मुंबई-पुण्याच्या कॉन्व्हेंटांमधून मात्र तसे नाव आता क्वचितच निघते.

आमच्या तिन्ही गावांत त्या काळी शाळेसाठी वा रेल्वेसाठी खेळलेल्या आज्या, मावश्या आणि आत्या निश्चित असतील. कुणाच्या पेटीत संघाचे जुने छायाचित्र वा एखादे प्रशस्तिपत्र असेल, तर ते रद्दीत जाण्यापूर्वी आम्हांस एकवार पाहू द्यावे.