'क्राइंग टायगर': वाघाला रडवणारा हा थाई पदार्थ काय आहे आणि तो कसा करतात?

कोळशावर भाजलेल्या गोमांसाचे पातळ काप आणि सोबत वाटीत आंबट-तिखट चटणी. थाई रेस्टॉरंटच्या मेन्यूवर या पदार्थाचं नाव असतं 'क्राइंग टायगर', म्हणजे रडणारा वाघ. थाई भाषेत त्याला 'सुआ रोंग हाय' म्हणतात. हा पदार्थ थायलंडच्या ईशान्येकडच्या, लाओसला लागून असलेल्या इसान प्रदेशातला आहे.

वाघ का रडतो?

चटणी इतकी तिखट की वाघाच्याही डोळ्यांत पाणी येईल, असा अर्थ अनेक जण लावतात. पण थायलंडमध्ये आणखी दोन गोष्टी सांगतात. एक म्हणजे, गायीच्या छातीचं मांस इतकं चिवट असतं की वाघालाही ते चावता आलं नाही आणि तो रडला. दुसरी म्हणजे, भाजताना निखाऱ्यांवर टपकणारी चरबी वाघाच्या अश्रूंसारखी दिसते.

यातली कोणती खरी, हे सिद्ध करता येत नाही. पण पहिल्या गोष्टीत या पदार्थाचं मर्म आहे. मूळ पदार्थ छातीच्या चरबीदार आणि चिवट मांसाचा. ते खाण्याजोगं करायचं तर पातळ काप आणि आंबट चटणी हवीच.

चटणीत काय असतं?

या चटणीला 'नाम जिम जेओ' म्हणतात. 'जेओ' हा लाओ भाषेतही चटणीसाठी वापरला जाणारा शब्द आहे. अर्धा किलो मांसासाठी साधारण प्रमाण असं:

- फिश सॉस: ३ मोठे चमचे
- लिंबाचा रस: २ मोठे चमचे
- चिंचेचा कोळ: १ मोठा चमचा
- पाम शुगर किंवा गूळ: १ मोठा चमचा
- भाजून कुटलेल्या सुक्या मिरच्या: १ ते २ छोटे चमचे
- भाजलेल्या तांदळाची भरड: १ मोठा चमचा
- बारीक चिरलेला छोटा कांदा, कांद्याची पात आणि कोथिंबीर

तांदळाची भरड, म्हणजेच 'खाओ खुआ', घाईच्या रेसिपींमध्ये सर्रास गाळली जाते. पण तिच्याशिवाय ही चटणी नुसतं आंबट-तिखट पाणी होते. भरडीमुळे तिला खमंग वास आणि दाटपणा येतो, त्यामुळे ती मांसाच्या कापाला धरून राहते. त्यासाठी कच्चा चिकट तांदूळ मंद आचेवर १० ते १५ मिनिटं कोरडाच भाजायचा. गडद सोनेरी झाला की गार करून खलबत्त्यात जाडसर कुटायचा. पीठ करायचं नाही. साधा तांदूळही चालतो. भरड अगदी शेवटी घालावी, नाहीतर ती भिजून मऊ पडते.

मांस कसं भाजायचं?

घरी करताना छातीऐवजी तुलनेनं मऊ स्टेक घेणं सोपं. त्याला १ मोठा चमचा ऑयस्टर सॉस, तेवढाच सोया सॉस, थोडी साखर आणि मिरपूड चोळून अर्धा तास ठेवावं. भाजण्याआधी वरचं पाणी पुसून घ्यावं, कारण ओलं मांस भाजलं न जाता वाफवलं जातं.

कडक निखाऱ्यांवर किंवा तापलेल्या लोखंडी तव्यावर दोन्ही बाजू खरपूस करून घ्याव्यात. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या शिफारशीनुसार स्टेकच्या आतलं तापमान किमान ६३ अंश सेल्सिअस व्हावं आणि नंतर तो तीन मिनिटं तसाच ठेवावा.

आता कापणं. मांसातले धागे कोणत्या दिशेनं जातात ते पाहून सुरी त्यांना आडवी चालवावी. त्यामुळे लांब धागे तुटतात आणि चिवट मांसही चावायला सोपं जातं. धाग्यांच्या दिशेनंच कापलं, तर महागडा स्टेकही वातड लागतो.

गोमांस नको असेल तर?

महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती; २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीच्या मांसाला ती लागू नाही. शिवाय अनेकांच्या घरी ही दोन्ही मांसं खाल्ली जात नाहीत. तरी ही चटणी करायला अडचण नाही. इसानमध्येच ती भाजलेल्या डुकराच्या मानेच्या मांसासोबत आणि भाजलेल्या कोंबडीसोबतही खातात. या दोन्ही गोष्टी मात्र आतपर्यंत पूर्ण शिजायला हव्यात. शाकाहारी मंडळींना फिश सॉसऐवजी सोया सॉस घालून भाजलेल्या मश्रूमसोबत ती खाता येईल.

इसानमध्ये सोबत वाफवलेला चिकट भात, काकडी आणि कच्चा कोबी असतो. भाताचा छोटा गोळा हातानं दाबून चटणीत बुडवायचा आणि मांसाच्या कापासोबत खायचा.