डीझेल कण-गाळणी

डीझेल एंजिनाच्या धुरातील काजळीचे सूक्ष्म कण अडवून धरणारे व साठलेली काजळी ठराविक अवधीनंतर जाळून टाकणारे, निष्कास नळीत बसविलेले साधन. मोटार दुरुस्तीच्या व्यवसायात ते ‘डीपीएफ’ या आद्याक्षरांनीच ओळखले जाते. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही उत्सर्जन मानके लागू झाल्यावर डीझेलवर चालणाऱ्या लहान मोटारींतही ही गाळणी आली. त्या वेळच्या मोटारी आता जुन्या होऊ लागल्या असून गाळणी तुंबणे, एंजिनाची शक्ती घटणे, वंगण तेल पातळ होणे या तक्रारी त्यांच्याबाबतीत महत्त्वाच्या ठरतात. या अडचणींचे मूळ यंत्रातील दोषापेक्षा मोटार कोठे व कशी चालविली जाते यात अधिक असते.

पार्श्वभूमी : रूडोल्फ डीझेल यांनी १८९२ मध्ये आपल्या एंजिनाचे एकस्व (पेटंट) मिळविण्यासाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे त्याची यशस्वी चाचणी झाली. या एंजिनात ठिणगी नसते. दट्ट्याने दाबल्यामुळे तापलेल्या हवेत इंधनाचे अंतःक्षेपण होते व ते आपोआप पेटते. इंधन व हवा यांचे मिश्रण सर्वत्र सारखे होण्यास पुरेसा अवधी मिळत नाही. जेथे इंधन जास्त व ऑक्सिजन कमी असतो, तेथे कार्बनाचे कण तयार होतात. हीच काजळी होय. इंधनाची बचत हा या एंजिनाचा मोठा गुण असल्याने १९३६ मध्ये मर्सिडीझ-बेंझ कंपनीने २६० डी ही डीझेल मोटार बाजारात आणली. तथापि काजळीचा प्रश्न पुढे अनेक दशके दुर्लक्षितच राहिला.

काजळीचे बहुतेक कण एक मायक्रोमीटरपेक्षाही लहान असतात. ते श्वासाबरोबर फुप्फुसांच्या खोल भागापर्यंत पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डीझेलच्या धुराचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या गटात केला. त्यामुळे गाळणीचा प्रश्न केवळ मोटारधारकाच्या सोयीचा राहिला नाही.

गाळणीचा इतिहास : अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने १९७० नंतरच्या दशकात पेट्रोल मोटारींच्या उत्प्रेरकी परिवर्तकासाठी मधाच्या पोळ्यासारखी रचना असलेले मृत्तिकाद्रव्य तयार केले. दशकाच्या अखेरीस त्याच रचनेत थोडा बदल करून काजळीची गाळणी बनविण्यात आली. कॅलिफोर्नियातील कडक नियमांमुळे मर्सिडीझ-बेंझ कंपनीने १९८५ मध्ये तेथील डीझेल मोटारींत काजळी अडविणारे साधन बसविले. परंतु ते तुंबण्याच्या व निकामी होण्याच्या तक्रारी आल्या आणि काही वर्षांतच त्याचा वापर थांबला. काजळी अडविणे सोपे, पण अडविलेली काजळी वेळच्या वेळी जाळणे अवघड, हा त्या प्रयोगाचा निष्कर्ष होता.

फ्रान्समधील प्यूजो कंपनीने २००० साली ६०७ या मोटारीत या प्रश्नाचे व्यवहार्य उत्तर दिले. इंधनात सिरियमाचे संयुग मिसळून काजळीचे ज्वलन-तापमान कमी करण्यात आले व संगणकीय नियंत्रणाने जादा इंधन सोडून गाळणी तापविण्यात आली. मात्र सिरियमाची राख गाळणीत उरत असल्याने सुरुवातीला सु. ८०,००० किमी. नंतर गाळणीची देखभाल करावी लागे. यूरोपात २००९ पासून यूरो-५ मानकांनी काजळीची मर्यादा दर किमी.ला ५ मिग्रॅ. इतकी खाली आणली आणि डीझेल मोटारीत गाळणी बसविणे व्यवहारतः अनिवार्य झाले.

भारतातील आगमन : सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ मधील आदेशामुळे दिल्ली परिसरात यूरोपीय धर्तीची मानके लागू करण्यास गती मिळाली. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्ये मोटार इंधनविषयक धोरणाचा अहवाल सादर केला व त्यानुसार टप्प्याटप्प्याने मानके कडक करण्याचे ठरले. २०१० मध्ये मुंबई, पुणे व सोलापूर यांसह निवडक शहरांत स्टेज-४, तर उर्वरित देशात स्टेज-३ मानके आली. स्टेज-३ च्या डीझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ३५० पर्यंत, तर स्टेज-४ मध्ये ५० पर्यंत चाले. गंधकामुळे उत्प्रेरक निष्प्रभ होतो. त्यामुळे देशात सर्वत्र एकसारखे शुद्ध इंधन मिळेपर्यंत सर्वसामान्य मोटारीत गाळणी बसविणे शहाणपणाचे नव्हते.

याच काळात लहान डीझेल मोटारींची भरभराट झाली. टाटा कंपनीची पुणे येथे तयार होणारी इंडिका १९९८ अखेर सादर झाली. फियाटचे १.३ लिटरचे डीझेल एंजिन २००७ पासून मारुती स्विफ्टमध्ये आले आणि पुण्याजवळील रांजणगाव येथेही तयार होऊ लागले. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले, डीझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत झाले नाहीत. दरांतील या तफावतीमुळे ज्यांचा रोजचा प्रवास थोडा होता अशा कुटुंबांनीही डीझेल मोटारी घेतल्या. या मोटारींपैकी बहुतेकांत गाळणी नव्हती.

स्टेज-४ मानके १ एप्रिल २०१७ रोजी देशभर लागू झाली. पाचवा टप्पा वगळून थेट सहाव्या टप्प्यावर जाण्याचा निर्णय त्यापूर्वीच, जानेवारी २०१६ मध्ये झाला होता. ३१ मार्च २०२० नंतर स्टेज-४ वाहने विकता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिला. डीझेल मोटारीच्या काजळीची मर्यादा दर किमी.ला २५ मिग्रॅ. वरून ४.५ मिग्रॅ. वर आली, कणांच्या संख्येवरही मर्यादा पडली आणि इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत १० झाले. लहान मोटारीच्या किमतीच्या मानाने गाळणी व तिची अनुषंगिक साधने महाग पडत असल्याने मारुती सुझुकी कंपनीने डीझेल मोटारी बंद करण्याचे एप्रिल २०१९ मध्ये जाहीर केले. टाटा अल्ट्रोझ, ह्युंदाई ग्रँड आय-१० निऑस यांसारख्या थोड्या लहान मोटारी मात्र गाळणीसह डीझेलवर उपलब्ध राहिल्या. त्यांतील काही पुढे बंद झाल्या.

रचना व कार्य : गाळणी कॉर्डिएराइट किंवा सिलिकॉन कार्बाइड या उष्णतारोधी द्रव्याची असते. तिच्यात शेकडो समांतर नलिका असून त्यांची तोंडे एकाआड एक बंद केलेली असतात. एका नलिकेतून आत आलेल्या वायूला सच्छिद्र भिंतीतून शेजारच्या नलिकेत जावे लागते व काजळी भिंतीवर अडकते. काजळीच्या वस्तुमानापैकी ९५ टक्क्यांहून अधिक भाग अशा रीतीने रोखला जातो. साठा वाढला की वायूच्या मार्गात अडथळा निर्माण होतो. गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक मोजणारा संवेदक त्याची सूचना नियंत्रक संगणकास देतो.

काजळी जाळून गाळणी मोकळी करण्याच्या क्रियेस पुनरुज्जीवन म्हणतात. दीर्घकाळ वेगाने प्रवास झाल्यास निष्कास वायू पुरेसा तापतो व त्यातील नायट्रोजन डाय-ऑक्साइडामुळे काजळी हळूहळू आपोआप जळते. शहरातील मंद प्रवासात हे तापमान गाठले जात नाही. तेव्हा संगणक जादा इंधन सोडून गाळणीचे तापमान सु. ६००° से. पर्यंत वाढवितो. यासाठी साधारणपणे १० ते २० मिनिटे मोटार अखंड व बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. मध्येच एंजिन बंद केल्यास क्रिया अपुरी राहते. शिवाय जादा इंधनाचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून वंगण तेलात मिसळतो. तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसणे हे त्याचे लक्षण होय.

काजळी जळते, पण राख जळत नाही. वंगण तेलातील कॅल्शियम, जस्त इ. धातूंच्या संयुगांची राख वर्षानुवर्षे गाळणीत साठत जाते. म्हणून अल्प राखेचे, निर्मात्याने नेमून दिलेले तेलच वापरावे लागते. मोटार जुनी झाली की झिजलेला अंतःक्षेपक, अडकलेली ईजीआर झडप, तेल गळणारा टर्बोचार्जर यांमुळे काजळी व तेलाचा धूर वाढतो. अशा वेळी तुंबलेली गाळणी हे रोगाचे लक्षण असते, मूळ रोग नव्हे. मूळ दोष न काढता गाळणी बदलल्यास नवीही लवकरच तुंबते.

रायगड किनाऱ्यावरील परिस्थिती : मोटारीच्या वापराचा गाळणीवर कसा परिणाम होतो, याचे बोधक उदाहरण रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) किनाऱ्यावर आढळते. उरण, अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन या तालुक्यांतील हा किनारा धरमतर, रेवदंडा, राजपुरी व बाणकोट या खाड्यांनी तुटलेला आहे. येथील स्थानिक वाहतूक दीर्घकाळ एस.टी. गाड्या व डीझेलवर चालणाऱ्या मिनिडोअर रिक्षा यांवर अवलंबून राहिली. दिघी-आगरदांडा व बागमांडला-वेश्वी येथे मोटारी फेरीबोटीने खाडी ओलांडतात, म्हणजे प्रवासाच्या मध्यावरच एंजिन बंद होते.

मुंबईतील भाऊचा धक्का ते मांडवा ही मोटारी वाहून नेणारी रो-रो सेवा २०२० मध्ये, म्हणजे गाळणीयुक्त मोटारी आल्या त्याच वर्षी, सुरू झाली. तोपर्यंत मुंबईहून अलिबागला जाणारी मोटार पनवेल, पेण व वडखळ या मार्गाने सु. १०० किमी. धावत असे. रो-रो सेवेमुळे हा प्रवास सुमारे एक तासाच्या जलप्रवासावर व मांडव्यापासून झिराड, चोंढीमार्गे सु. २० किमी.च्या अरुंद, गतिरोधकांनी भरलेल्या रस्त्यावर आला. प्रवाशाचा वेळ व इंधन वाचले, परंतु गाळणीला मिळणारा लांबचा प्रवास नाहीसा झाला. स्थानिक रहिवाशाचा बाजार, शाळा, धक्का असा दैनंदिन वापर तर त्याहून आखूड असतो. मुंबई-गोवा महामार्गाचे २०११ पासून रेंगाळलेले रुंदीकरण, कार्लेखिंडीचा चढ आणि सुटीच्या दिवसांतील कोंडी यांमुळे रस्त्याने जातानाही स्थिर वेग मिळणे कठीण झाले. किनाऱ्यावरील खारट दमट हवेमुळे निष्कास नळी व संवेदकांच्या विद्युत् जोडण्या लवकर गंजतात, ही आणखी एक अडचण होय. याउलट, १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या शिवडी-न्हावा शेवा अटल सेतूच्या २१.८ किमी. लांबीवर मोटारींना ताशी १०० किमी. पर्यंत वेगाची मुभा असून पुनरुज्जीवनास आवश्यक तो अखंड प्रवास तेथे मिळू शकतो.

उपाय : गाळणीचा सूचना-दीप लागताच मोटार मोकळ्या रस्त्यावर सु. २० मिनिटे, वरचा गिअर न टाकता एंजिनाचे फेरे थोडे अधिक ठेवून चालविल्यास काजळी बहुधा जळून जाते. दीप दुर्लक्षिल्यास संगणक एंजिनाची शक्ती घटवितो व कार्यशाळेत यंत्राद्वारे पुनरुज्जीवन करवून घ्यावे लागते. राख साठली असल्यास गाळणी उतरवून भट्टी, दाबाखालील हवा किंवा पाणी यांच्या साहाय्याने साफ करता येते. आतील मृत्तिकाद्रव्य तडकले वा वितळले असल्यास मात्र गाळणी बदलण्यावाचून गत्यंतर नसते. हा खर्च जुन्या लहान मोटारीच्या उरलेल्या किमतीच्या मानाने जड वाटतो. त्यामुळे गाळणी फोडून रिकामी करणे व संगणकातील तिची नोंद पुसणे या मार्गाचा मोह होतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या तपशिलाशी विसंगत असे बदल करता येत नाहीत व प्रदूषणमानकांचा भंग कलम १९०(२) खाली दंडनीय आहे.

प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रासाठी (पीयूसी) भारतात डीझेल धुराची अपारदर्शकता मोजतात. गाळणी काढलेल्या आधुनिक एंजिनाचा धूर डोळ्यांस व या उपकरणासही स्वच्छ वाटू शकतो. कारण अतिसूक्ष्म कण त्यात नीट उमटत नाहीत. म्हणून बेल्जियमने २०२२ मध्ये, तर नेदरलँड्स व जर्मनी यांनी २०२३ मध्ये नियतकालिक तपासणीत कणांची संख्या मोजण्याची पद्धत सुरू केली. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असल्याने २०२० मधील मोटारी २०३५ पर्यंत रस्त्यावर राहू शकतात. त्यांच्या गाळण्या टिकल्या नाहीत, तर सहाव्या टप्प्याने साधलेली सुधारणा कागदावरच राहील आणि काजळी पुन्हा गावातील रस्त्यालगत राहणाऱ्यांच्या श्वासात जाईल. मोटार विकत घेताना तिचा नेहमीचा प्रवास किती लांबीचा असणार याचा विचार करणे व आखूड प्रवासासाठी डीझेल मोटार टाळणे, हा या प्रश्नावरील सर्वांत कमी खर्चाचा उपाय ठरतो.