ओसिओलाचा चहा

ह्यूस्टनच्या आमच्या वस्तीत निम्म्या घरांच्या कुंपणाला योपॉन आहे. बारीक दातेरी पानं, हिवाळ्यात मादी झाडांवर लाल फळांचे घोस. माळी कापून सरळ करतो आणि पानं कचऱ्यात जातात. या पानांत कॅफीन असतं. युरोपातली जहाजं इथं लागण्याच्या कितीतरी शतकं आधीपासून मूळ रहिवासी ती उकळून पीत असत.

मिसिसिपीकाठच्या काहोकिया या प्राचीन नगरातल्या मातीच्या पेल्यांत या चहाचे अंश सापडले. पेले साधारण इ.स. 1050 ते 1250 मधले. योपॉन उगवतं ते दक्षिणेकडे, निदान 480 किलोमीटरवर. म्हणजे पानांचा व्यापार चालायचा.

कृती सोपी आहे. पानं नि कोवळ्या डहाळ्या मातीच्या भांड्यात तांबूस होईतो भाजायच्या आणि पाणी काळसर होईतो उकळायच्या. मी लोखंडी तव्यावर भाजते. तुरटपणा जवळजवळ नसतो, म्हणून दूध-साखर लागतच नाही. पूर्वी फ्लोरिडातले मूळ रहिवासी तिमुकुआ सभेला बसण्यापूर्वी हा चहा शंखांतून पीत. फ्रेंच चित्रकार ल मॉइन 1564 मध्ये तिथं होता. त्याच्या नावाने 1591 मध्ये छापलेल्या चित्रात बायका काढा करताहेत, पुरुष पिताहेत. ज्यांना तो पोटात ठेवता येत नसे, त्यांच्यावर अवघड कामगिरी सोपवत नसत, असं त्याने नोंदवलं आहे.

शुद्धीच्या विधीत लोक भरपूर पिऊन ओकत. पानांत ओकारी आणणारं काही नाही, तरी 1789 मध्ये लंडनच्या क्यू बागेतल्या विल्यम एटनने या झुडपाचं शास्त्रीय नाव ठेवलं ‘आयलेक्स व्हॉमिटोरिया’, म्हणजे ओकवणारं. या बदनामीचा मला राग येतो.

पण चहा मागे पडण्याचं मोठं कारण वेगळं, असं मला वाटतं. 1830 च्या कायद्याने मस्कोगी, चेरोकी आणि इतर मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हाकलायला सुरुवात झाली. पिणारे गेले, झुडपं किनाऱ्यावर राहिली. फ्लोरिडातल्या सेमिनोलांचा पुढारी ओसिओला हटेना. त्याच्या या नावाचं मूळ रूप असी याहोला. ‘असी’ म्हणजे हेच पेय, ‘याहोला’ म्हणजे ते पिताना द्यायची लांब हाळी. 1837 च्या ऑक्टोबरात सेंट ऑगस्टीनजवळ तो पांढऱ्या निशाणाखाली बोलणी करायला आला असताना अमेरिकी सैन्याने त्याला पकडलं. 30 जानेवारी 1838 रोजी तो साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट मोल्ट्रीच्या कैदेत वारला. ज्या सेंट ऑगस्टीनजवळ हा दगा झाला, तिथल्या स्पॅनिश रहिवाशांनी त्याच्या दोनशे वर्षं आधी हाच चहा आवडीने उचलला होता.

पुढे 1861 च्या यादवी युद्धात बंदरांची नाकेबंदी होऊन कॉफी मिळेना, तेव्हा दक्षिणेतल्या गोऱ्यांना योपॉन आठवलं. युद्ध संपलं, कॉफी परतली आणि योपॉन गरिबाघरचं पेय ठरलं. नॉर्थ कॅरोलायनाच्या आउटर बँक्स बेटांवर मात्र कोळ्यांच्या घरांत ते विसाव्या शतकातही उकळत होतं.