गंजलेल्या फियाटचा इतिहास

इतिहासाची साधने कोणती, असा प्रश्न परीक्षेत घातला की विद्यार्थी ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी अशी नावे भराभर लिहून देतात. त्यांत मोटारगाडीचे नाव अजून कोणी लिहिलेले नाही. लिहिले असते, तर परवापरवापर्यंत मीही लाल शाईने ते खोडले असते. पण एका जुन्या गाडीच्या पत्र्याने मला माझ्याच विषयाचा एक धडा शिकवला. तो आज सांगणार आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घरामागे लाकूडफाटा ठेवायचा एक मांगर आहे. त्यात वडिलांची फिकट निळी फियाट कित्येक वर्षे उभी होती. वडील प्राथमिक शिक्षक. त्यांच्यामागे ती कोणी चालवली नाही. कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या, तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, देऊन टाक भंगारात. मांगर तरी मोकळा होईल." भंगारवाला येऊन भावही सांगून गेला. माझे मन काही होईना. म्हटले, आधी एखाद्या मिस्त्रीला दाखवू, मग ठरवू.

ही गाडी मुळात कोठली, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. आपल्याकडे मोटारी येत त्या परदेशातून. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना काढला, पण तेथे बाहेरून आलेले सुटे भाग जोडण्याचेच काम चाले. मोटार येथेच घडावी, म्हणून सर विश्वेश्वरय्या यांनी पुष्कळ खटपट केली. ती तडीस नेण्याचा ध्यास घेतला सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. बोटी, विमाने आणि मोटारी या तिन्ही धंद्यांत त्यांनी हात घातला. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा केला. प्रारंभी तेथे क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या गाड्या जोडल्या जात. पुढे इटलीतील फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी कुर्ल्यात तयार होऊ लागली. तिच्या गुबगुबीत बांध्यावरून मुंबईकरांनी तिला 'डुक्कर फियाट' असे लाडके नाव ठेवले. १९६४ साली तिचा सुधारलेला चौकोनी अवतार आला. १९७४ साली त्याच गाडीचे नाव 'प्रीमियर पद्मिनी' असे झाले. पण लोकांच्या तोंडून फियाट हे नाव गेले नाही ते नाहीच! आमची गाडी १९७८ सालची. कागदावर पद्मिनी, घरात फियाट.

आजच्या तरुणांना खरे वाटणार नाही, पण त्या काळी पैसे असले तरी गाडी मिळत नसे. १९५९ साली मोटारींच्या वाटपावर सरकारी नियंत्रण आले. नाव नोंदवायचे, ठेव ठेवायची आणि वर्षानुवर्षे पाळीची वाट पाहायची, असा तो प्रकार होता. म्हणून एकदा दारात आलेली गाडी माणसे जन्मभर जपत. रंग उडाला की रंग द्यायचा, पत्रा गेला की ठिगळ लावायचे. नवी घेण्याचा विचारच नव्हता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि हळूहळू हे सारे पालटले.

आता पुन्हा मांगराकडे येऊ. चिपळूणहून मिस्त्री आले. वय सत्तरीचे. त्यांनी इंजिनाकडे पाहिलेसुद्धा नाही. पेचकसाच्या मुठीने ते गाडीचे अंग ठोकत फिरू लागले. कोठे टणटण आवाज येई, तर कोठे भदभद. मग ते खाली आडवे झाले आणि दाराखालच्या उंबऱ्यात त्यांनी पेचकस दाबला. तो पापडात जावा तसा आत गेला.

"सर," ते म्हणाले, "इंजिनाचं काय, ते बोअर करून चालेल. खरं दुखणं हे आहे."

त्याचे कारण असे. जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी चासी असते आणि तिच्यावर वरची बॉडी बसवलेली असते. या गाडीत तशी वेगळी चासी नाही. तळ, उंबरे, खांब आणि टप मिळून एकच पेटी असते व साऱ्या गाडीचा भार तीच पेलते. म्हणजे तळाचा पत्रा गंजला, तर नुसते रूप जात नाही, गाडीचा कणाच जातो. गंज नुसता रंगाखाली झाकणे ही अशा गाडीत फसवणूक तर असतेच, पण ती जिवावरही बेतू शकते.

गंज म्हणजे तरी काय? खाणीतील खनिज भट्टीत तापवून आपण लोखंड काढतो. हवेतला प्राणवायू आणि पाणी मिळाले की ते पुन्हा आपल्या मूळ रूपाकडे जाऊ लागते. आपल्या जांभ्या दगडाचा तांबडेपणा याच लोहाच्या संयुगांचा. तेव्हा गंज म्हणजे लोखंडाने पुन्हा माती होणे. खाऱ्या वाऱ्यातले मीठ या कामाला जोर आणते. शिवाय गंज मूळ पत्र्यापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो फुगतो, त्याच्या खपल्या निघतात आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. दारांच्या तळाशी पाणी निथळायला बारीक भोके असतात. ती पालापाचोळ्याने बुजली की दार आतून कुजते. आमच्या गाडीचे असेच झाले होते.

पत्रा किती खरा आणि लांबी किती, हे पाहायला मिस्त्रींनी खिशातून लोहचुंबक काढला. लांबी म्हणजे खड्डे बुजवायला भरतात ती पुट्टी. तिला चुंबक चिकटत नाही. शाळेत दाखवायलाही हा प्रयोग चांगला आहे. चुंबक गाडीवरून फिरत फिरत पुढच्या काचेजवळ डाव्या बाजूला आला आणि घसरून पडला. मिस्त्रींनी तेथे पॉलिश पेपर मारला. निळ्याखाली पांढरा रंग निघाला, पांढऱ्याखाली काळा निघाला, आणि काळ्यात बुजवलेली भोके दिसली. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी टपावर थोडे घासले. तेथे निळ्याखाली पांढरा, आणि पांढऱ्याखाली पिवळाधमक!

"सर, ही भोकं मीटरची," ते हळूच म्हणाले. "ही मुंबईची टॅक्सी होती."

मी थक्क झालो. ही गाडी मुंबईच्या एका शेटजींची, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. वर्गात मी सांगतो, की उत्खननात वरचा थर नंतरचा व खालचा थर आधीचा. तो नियम आमच्याच मांगरात मला भेटेल असे वाटले नव्हते. मी तसाच घरात गेलो आणि आईला विचारले. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "वरच्या वाडीतल्या भाऊंची टॅक्सी ती. गिरणी बंद पडली, मग टॅक्सी चालवली त्यांनी. थकले नि गावी आले, तेव्हा तुझ्या बाबांनी घेतली. मास्तरांनी भाड्याची गाडी आणली असं लोक म्हणतील, म्हणून रंग देऊनच आणली. भाऊसुद्धा कुणाला बोलले नाहीत कधी."

१९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लाखो कामगारांचे संसार उघड्यावर पडले, हे मी दरवर्षी शिकवतो. कोकणातील कितीतरी घरांत मनिऑर्डरी येईनाशा झाल्या, हेही सांगतो. पण त्यांतल्या एका माणसाने ज्या गाडीवर पुन्हा संसार उभा केला, त्याच गाडीत बसून मी बाजाराला जात होतो, हे मला माहीत नव्हते. भाऊ आता नाहीत. त्यांचे आभार मानायचे राहून गेले, याची रुखरुख लागली ती आजही आहे.

गाडी दुरुस्त करायची हे त्या दिवशी नक्की झाले. पण एक नवाच प्रश्न पुढे आला. ती पूर्ववत करायची म्हणजे कोणत्या साली होती तशी करायची? भाऊ म्हणाला, काळीपिवळी करू, आता तिला मान आहे. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. ज्या वाहनाने अर्धी मुंबई वाहिली, त्याची आठवण ठेवावी, हे रास्तच. पण आई म्हणाली, "बाबांची गाडी निळी होती." तेही खरेच होते.

काम आठ महिने चालले. सडलेले उंबरे व तळ कापून नवा पत्रा ठोकून वेल्ड केला. शाबूत होता तेवढा मूळ पत्रा ठेवला. लांबी अगदी नावापुरती वापरली. आतल्या बाजूंना रेड ऑक्साइड दिले आणि दारांची भोके मोकळी केली. बाहेरून रंग दिला तो बाबांचा निळा. मात्र डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चार बोटे रुंदीची एक पट्टी राखली. तेथे काळा, पांढरा आणि निळा असे तिन्ही थर पायरीसारखे उघडे ठेवून वर पारदर्शक वॉर्निश दिले. मीटरची भोकेही आतून तशीच ठेवली आहेत. गाडीच्या कप्प्यात एक वही आहे. काय बदलले, काय ठेवले, आणि गाडी आधी कोणाची होती, हे तिच्यात लिहिले आहे. भाऊंच्या मुलाला बोलावून पहिली फेरी त्याच्याकडूनच मारून घेतली. तो काही बोलला नाही. उतरताना त्याने टपावर दोनदा हात मारला, टॅक्सीवाले मारतात तसा.

शिक्षक बंधुभगिनींना एकच सांगणे आहे. प्रत्येक गावात अशी एखादी वस्तू पडून असते. कोठे ऑइल इंजिन, कोठे शिवणयंत्र, कोठे छापखान्यातले यंत्र. ते भंगारात देण्याआधी मुलांना तेथे घेऊन जा. ते कोठे झाले, कोणी आणले, कोणाकडून घेतले, हे त्यांना विचारू द्या. आणि विचारायचे ते घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. आमच्या आईला सारे ठाऊक होते. आम्ही कोणी तिला विचारलेच नव्हते.