झाकल्या बाटलीची कुळकथा

बाटलीवरचे लेबल कागदाने किंवा कापडाने झाकून, आतली वाइन कोणत्या मळ्याची, कोणत्या सालातली आणि किती किमतीची हे चाखणाऱ्यांना कळू न देता तिचा रंग, गंध आणि चव पारखण्याची रीत आज जगभरच्या वाइन-शौकिनांत रूढ झाली आहे. तिचे मूळ शोधू गेल्यास दोन निराळ्या घराण्यांपर्यंत जावे लागते. पहिले घराणे व्यापाराचे असून वाइनचा भाव गावाच्या नावावरून ठरवण्याची सवय त्याने लावली. दुसरे प्रयोगशाळेचे असून नावाचा पगडा माणसाच्या इंद्रियांवर किती खोल बसतो हे त्याने दाखवून दिले आणि ते नाव काही काळ दूर ठेवण्याची युक्तीही शोधली. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या परिसराचा पहिल्या घराण्याशी सुमारे दोन हजार वर्षांचा संबंध आहे, आणि दुसऱ्या घराण्याची युक्ती आज याच परिसरातील हौशी मंडळींच्या सर्वाधिक उपयोगाची आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेला ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हा ग्रंथ म्हणजे तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची आणि तेथे खपणाऱ्या मालाची मार्गदर्शिका होय. बॅरिगाझा, म्हणजे आजचे भडोच, येथे उतरणाऱ्या मालाच्या यादीत वाइन अग्रभागी असून, तिच्यात इटलीच्या वाइनला पसंती होती आणि त्याखेरीज लाओडिशियाची व अरबस्तानची वाइनही येत असे, अशी नोंद त्यात आहे. याच ग्रंथात ‘कल्लिएना’ या नावाने कल्याण येते: थोरला सारगनस या राज्यकर्त्याच्या काळात ते रीतसर व्यापारी बंदर होते, परंतु सँडरेस या दुसऱ्या राज्यकर्त्याच्या ताब्यात गेल्यावर तेथील व्यापारावर निर्बंध आले आणि चुकून तेथे पोचलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात बॅरिगाझाला नेली जाऊ लागली, असे लेखक सांगतो. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे उल्लेख कान्हेरीच्या शिलालेखांत आहेत, तर कल्याण-सोपाऱ्याकडून जुन्नरकडे चढणारा नाणेघाट हा सातवाहनकाळातील प्रमुख व्यापारमार्ग असून तेथील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख कोरलेला आहे.

वाइन ज्यांतून येत असे त्या दोन कानांच्या मातीच्या कुंभांना ॲम्फोरा म्हणतात आणि त्यांची खापरे घारापुरी बेटावर तसेच घाटावर नेवासे येथे सापडली आहेत. या खापरांचा पुढचा इतिहास प्रस्तुत विषयाला फार जवळचा आहे. भारतात रोमन म्हणून नोंदवल्या गेलेल्या अनेक खापरांची रॉबर्टा टोम्बर या अभ्यासिकेने फेरतपासणी केली, तेव्हा त्यांतील बरीच खापरे रोमन कुंभांची नसून मेसोपोटेमियाकडच्या, आतून डांबराचा लेप दिलेल्या ‘टॉर्पेडो’ रांजणांची असल्याचे निष्पन्न झाले. रोमशी व्यापार होता हे आधीच ठाऊक असल्यामुळे समोरची वस्तूही रोमन दिसू लागली. म्हणजे पूर्वज्ञानाने डोळ्यांवर जो परिणाम केला तोच परिणाम लेबल जिभेवर करते.

नावाने भाव ठरण्याची परंपरा युरोपात पुढे इतकी दृढ झाली की तिला राजमान्य क्रमवारीचे रूप आले. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दो प्रांतातील दलालांनी तेथील लाल वाइनच्या मळ्यांची पाच श्रेणींत वर्गवारी केली, आणि ती करताना प्याले समोर ठेवून परीक्षा न घेता अनेक वर्षांत प्रत्येक मळ्याच्या मालाला बाजारात मिळालेली किंमत व मळ्याचा लौकिक हेच प्रमाण मानले. दलालांचा अनुभव मोठा होता, त्यामुळे ही पद्धत निराधार नव्हती. मात्र ज्याचा लौकिक आधीच झाला आहे त्यालाच ती ओळखू शकत होती. या क्रमवारीत शातो मुताँ-रोथशिल्डला १९७३ मध्ये पहिल्या श्रेणीत बढती मिळाली, ही एक मोठी दुरुस्ती वगळता ती आजही जवळजवळ जशीच्या तशी चालू आहे.

दुसऱ्या घराण्याचा आरंभ पॅरिसमध्ये, पण वाइनशी काहीही संबंध नसलेल्या प्रकरणात झाला. प्राण्यांच्या देहातील अदृश्य चुंबकशक्तीने आपण रोग बरे करतो, असा फ्रान्झ मेस्मर या वैद्याचा आणि त्याच्या अनुयायांचा दावा तपासण्यासाठी १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने एक आयोग नेमला, ज्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्वाझिए यांचा समावेश होता. आयोगाने रुग्णांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, आणि चुंबकशक्ती कधी वापरली जात आहे हे कळेनासे होताच तिचा परिणाम प्रत्यक्ष प्रयोगाशी न जुळता रुग्णाच्या अपेक्षेशी जुळतो, हे स्पष्ट झाले. परीक्षकाला किंवा परीक्षिताला उत्तर आधी कळू न देणे हे प्रामाणिक परीक्षेचे पहिले अंग आहे, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात उतरले.

या तत्त्वाला गणिताची जोड चहाच्या कपाने दिली. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात म्युरिअल ब्रिस्टल या शैवालतज्ज्ञ विदुषी कपात दूध आधी ओतले की चहा आधी, हे चवीवरून ओळखता येते असे म्हणत, आणि त्यावरून सुचलेल्या प्रयोगाचे विवेचन संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ मध्ये ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’ या ग्रंथात केले. आठ कपांपैकी चार एका पद्धतीचे व चार दुसऱ्या पद्धतीचे असतील आणि ते यादृच्छिक क्रमाने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमाने दिले जातील, तर चार कप निवडण्याचे ७० प्रकार संभवतात. म्हणून निव्वळ अंदाजाने सर्व कप बरोबर ओळखण्याची शक्यता ७० मध्ये १ इतकीच उरते. फिशर यांचे हे प्रयोगशास्त्र भारतीय शेतीत रुजवण्यात मराठी संशोधकांचा मोठा वाटा आहे: सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहलेखक पानसे यांचे शेतकी कार्यकर्त्यांसाठीचे संख्याशास्त्रावरील पुस्तक १९५४ मध्ये निघाले आणि कृषी महाविद्यालयांच्या अनेक पिढ्यांनी ते अभ्यासले. वाणांची तुलना करताना वाफ्यांची मांडणी चिठ्ठ्या टाकून करावी, हा त्यातील विचार आणि प्याल्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा, हा चाखणीचा नियम यांचा उगम एकच आहे.

याच काळात मद्यनिर्मिती कारखान्यांनी त्रिकोणी परीक्षा नावाची पद्धत प्रचारात आणली, जिच्यात तीन प्याल्यांपैकी दोन एकाच पेयाचे असतात आणि वेगळा प्याला ओळखायचा असतो. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्यातील संशोधकांनी १९४० च्या दशकात तिचा पाया घातला. अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता येथे तीनात एक असते, त्यामुळे बारा जणांच्या मंडळीत किमान आठ जणांनी वेगळा प्याला अचूक ओळखला तरच दोन वाइनमध्ये चाखून कळण्याजोगा फरक आहे, असे संख्याशास्त्र मानते. लंडनमध्ये १९५३ पासून घेतल्या जाणाऱ्या ‘मास्टर ऑफ वाइन’ या अतिशय कठीण परीक्षेतही नाव न सांगता दिलेल्या वाइन ओळखाव्या लागतात; मुंबईच्या सोनल हॉलंड यांनी २०१६ मध्ये ही पदवी मिळवली आणि ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या.

दोन्ही घराण्यांची गाठ २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये पडली. तेथे वाइनचे दुकान चालवणारे इंग्रज व्यापारी स्टीव्हन स्परियर आणि त्यांच्या सहकारी पॅट्रिशिया गॅलघर यांनी कॅलिफोर्नियाच्या वाइनची फ्रेंच तज्ज्ञांना ओळख करून देण्यासाठी चाखणी योजली, आणि फ्रेंच नावांचा दबदबा निकालावर पडू नये म्हणून बाटल्यांची ओळख लपवली. लाल आणि पांढऱ्या अशा दोन्ही गटांत सहा वाइन कॅलिफोर्नियाच्या व चार फ्रान्सच्या होत्या, नऊ फ्रेंच परीक्षकांचे २० पैकी दिलेले गुण मोजले गेले, आणि दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली: पांढऱ्यांत शातो माँटेलिनाची १९७३ ची शार्दोने व लाल वाइनमध्ये स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ ची कॅबर्ने सोव्हिन्यों. कॅलिफोर्नियातील वाइन उद्योग १९२० ते १९३३ च्या दारूबंदीतून मोडकळीस येऊन पुन्हा उभा राहिला होता. त्याला जुना लौकिक नव्हता, आणि म्हणूनच नाव झाकलेल्या परीक्षेखेरीज दुसऱ्या कोणत्याही मार्गाने त्याला इतक्या लवकर न्याय मिळाला नसता.

त्यानंतरच्या संशोधनाने चाखणाऱ्यांच्या मर्यादाही उघड केल्या. बोर्दोच्या ५४ विद्यार्थ्यांना गंधहीन लाल रंग मिसळलेली पांढरी वाइन दिली असता त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांत केले, हा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सुपरिचित आहे. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात एकच वाइन कमी आणि जास्त किंमत सांगून दिली गेली, तेव्हा जास्त किमतीची म्हणून दिलेली वाइन लोकांना अधिक आवडली. त्याच वर्षी रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियातील एका स्पर्धेत एकाच बाटलीतील वाइन परीक्षकांपुढे तीनदा ठेवून दाखवले की, तिन्ही वेळा तिला एकाच पदकाच्या पातळीचे गुण देणारे परीक्षक दहा टक्क्यांच्या आसपासच होते. म्हणजे बाटली झाकल्याने नावाचा पक्षपात दूर होतो, पण जिभेचे चंचलपण तसेच राहते. त्यासाठी अनेकांचे गुण एकत्र करणे आणि एखादी वाइन गुपचूप दोनदा ठेवणे हेच उपाय आहेत.

महाराष्ट्राची स्थिती १९७६ च्या कॅलिफोर्नियासारखी आहे. येथेही १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्याचा व्यवहार दीर्घकाळ बंद किंवा मर्यादित ठेवला, आणि मद्यसेवन परवान्याची व्यवस्था त्याच कायद्यातून आली. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांच्या इंडाज कंपनीने जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे फसफसणारी वाइन तयार करून ती परदेशी पाठवली. नाणेघाट ज्या तालुक्यात चढतो त्याच तालुक्यातून वाइनचा प्रवास अशा रीतीने उलट दिशेने सुरू झाला. राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकाअखेर नाशिकजवळ सुला वाइनयार्ड्स उभी केली, २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून विंचूर व पलूस येथे वाइन पार्कची योजना आखली, आणि पुढे निफाड, दिंडोरी, इगतपुरी व अकलूजच्या परिसरात निरनिराळ्या वाणांचे मळे झाले. युरोपात वेल थंडीत निजतो आणि शरदात पिकतो. येथे एप्रिलची खरड छाटणी व पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्यांनी तो शिस्तीत ठेवून पीक सामान्यतः जानेवारी ते मार्चमध्ये काढले जाते. अशा वेगळ्या हवामानाच्या फळाला युरोपच्या नावांशी ताडून पाहणे न्याय्य नाही, त्याला त्याच्याच चवीवर जोखले पाहिजे.

कल्याण जंक्शनातून एक लोहमार्ग कसाऱ्यावरून नाशिककडे व दुसरा कर्जतवरून पुणे-सोलापूरकडे जातो. राज्यातील दोन्ही मुख्य द्राक्षपट्ट्यांचे रस्ते जेथे फुटतात तेथील रहिवाशांना झाकल्या बाटल्यांची पंगत मांडणे म्हणूनच सहजसाध्य आहे. तिची मांडणी वरील इतिहासातूनच ठरते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून ५० मिलिलिटरचे पंधरा घोट निघतात, तेव्हा बारा जणांना सहा बाटल्या पुरतात. त्या एकाच वाणाच्या, उदाहरणार्थ सर्व शेनाँ ब्लाँ किंवा सर्व शिराझ, आणि शक्यतो एकाच सालातील असाव्यात, म्हणजे तुलनेला अर्थ राहतो. बोर्दोची उंच खांद्यांची आणि बर्गंडीची उतरत्या खांद्यांची बाटली आकारावरूनच ओळखू येते, म्हणून बुडापासून गळ्यापर्यंत पूर्ण झाकणारी पिशवी हवी व तोंडावरचे वेष्टन आणि बूच आधीच काढलेले हवे. एकाने बाटल्या पिशव्यांत घालाव्यात आणि दुसऱ्याने त्यांना क्रमांक द्यावेत, म्हणजे वाढणाऱ्यालाही आत काय आहे ते कळत नाही. प्रत्येक चाखणाऱ्याला प्याल्यांचा क्रम वेगळा मिळाल्यास आधीच्या घोटाचा परिणाम सर्वांवर सारखा पडत नाही.

खाडीकाठच्या दमट उष्म्यात घरातील तापमान अनेकदा ३० अंशांपलीकडे असते, तर लाल वाइन १६ ते १८ अंशांना खुलते, म्हणून तीही काही वेळ फ्रिजमध्ये ठेवावी लागते. उदबत्ती, अत्तर, गजरा आणि स्वयंपाकघरातील फोडणी यांचा वास चाखणीपासून दूर ठेवावा, तोंड साध्या पावाने व पाण्याने स्वच्छ करावे, आणि सर्व घोट गिळावे लागू नयेत म्हणून पीकदाणी ठेवावी. बोलण्याआधी प्रत्येकाने गुण लिहून द्यावेत, कारण पंगतीतील वडीलधाऱ्याचे किंवा जाणकाराचे मतही लेबलाइतकेच प्रभावी ठरते. जेवण त्यानंतर यावे. तिखटाने अल्कोहोलची जळजळ आणि लाल वाइनमधील टॅनिनचा, म्हणजे सालीबियांतून येणाऱ्या तुरट द्रव्याचा, तुरटपणा वाढतो. लाल वाइनमधील लोहामुळे मासळीनंतर तोंडात उग्र वास रेंगाळतो. म्हणून सीकेपी घरांतील कोळंबीच्या खिचडीबरोबर आंबटसर पांढरी वाइन आणि सुक्या मटणाबरोबर कमी तुरट लाल वाइन जुळते. निवाडा मात्र त्याआधीच लिहिलेला असल्याने जेवणाची लज्जत त्यात मिसळत नाही.

पिशव्या काढल्यावर मळ्याचे नाव, शेतकऱ्याची मेहनत आणि बाटलीची किंमत यांना त्यांचे योग्य स्थान पुन्हा मिळते, आणि ते मिळालेच पाहिजे; झाकण्याचा हेतू नावाचा अवमान करण्याचा नसून चवीला आधी बोलू देण्याचा आहे. बोर्दोच्या दलालांकडे १८५५ मध्ये अनेक वर्षांच्या किमतींच्या नोंदी होत्या, तर महाराष्ट्राच्या आधुनिक वाइनचे वय अजून अर्धशतकही नाही. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील मंडळींनी अशा पंगतींचे गुणपत्रक दरवर्षी जपून ठेवले आणि त्याच मळ्यांच्या पुढील सालांच्या बाटल्या त्याच रीतीने चाखल्या, तर निफाड, दिंडोरी किंवा अकलूज या नावांना जो लौकिक मिळेल तो ऐकीव नसून चाखून सिद्ध झालेला असेल, आणि नवोदित मळ्याला देता येईल असे याहून मोलाचे काही रसिकाजवळ नाही.