श्रीमती व्हायोलेट आल्वा : तुरुंगांतून बालन्यायासनाकडे

महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या पुस्तिकेंत आपल्या धर्मग्रामांतील दिवंगत धर्मगुरूंचीं व दात्यांचीं नांवें वाचकांस आढळतील, व तें योग्यच आहे. परंतु आपल्या भगिनी मंदिराच्या कामांत जितक्या पुढें असतात, तितक्याच नगराच्या कामांत मागें राहतात. आणि त्यांनीं तसें मागेंच राहावें असें मानणारे बंधूहि आपल्यांत आहेत. त्यांच्या विचारार्थ मुंबई नगरींतील एका ख्रिस्ती स्त्रीचा वृत्तांत येथें देत आहें.

व्हायोलेटबाईंचा जन्म २४ एप्रिल १९०८ रोजीं अहमदाबाद येथें झाला. वडील रेव्हरंड लक्ष्मण हरि हे अँग्लिकन पंथाच्या पहिल्या हिंदी पाळकांपैकीं एक. नऊ भावंडांत बाई आठव्या. सोळाव्या वर्षीं मातापित्यांचें छत्र हरपलें. तेव्हां थोरल्या भावंडांनीं शिक्षणाचा भार उचलला. मुंबईस क्लेअर रोडवरील कॉन्व्हेंटमध्यें, पुढें सेंट झेवियर कॉलेजांत व सरकारी लॉ कॉलेजांत त्यांचें अध्ययन झालें. १९३७ सालीं श्री. जोकिम आल्वा या दक्षिण कानड्याकडील कॅथोलिक देशभक्ताशीं त्यांचा विवाह झाला. अँग्लिकन पाळकाची कन्या कॅथोलिक घरांत सून म्हणून यावी, ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती.

१९४३ सालीं सरकारनें बाईंना अटक केली. चित्तरंजन हा त्यांचा पुत्र तेव्हां अवघा पांच महिन्यांचा. त्या तान्ह्या मुलास घेऊनच ही माता आर्थर रोडच्या तुरुंगांत गेली. तुरुंगाच्या भिंतींआड लेंकरूं सांभाळणें म्हणजे काय, हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. पुढच्याच वर्षीं हायकोर्टाच्या पूर्ण पीठापुढें खटला चालविणारी हिंदुस्थानांतील पहिली स्त्री वकील असा त्यांचा लौकिक झाला. त्याच सालीं त्यांनीं स्त्रियांसाठीं ‘बेगम’ नांवाचें मासिक काढलें. त्याचेंच पुढें ‘इंडियन विमेन’ झालें.

परंतु माझ्या मतें त्यांच्या आयुष्याचें खरें मर्म १९४८ ते १९५४ या वर्षांत आहे. या काळांत त्या मुंबईच्या बालन्यायालयाच्या अध्यक्षा होत्या. मुंबई इलाख्यांत मुलांसंबंधींचा कायदा १९२४ सालीं झाला, आणि १९४८ सालीं तो सुधारून नव्यानें करण्यांत आला. चोरीमारी करणारें अथवा रस्त्यावर निराधार सांपडलेलें मूल प्रौढ कैद्यांत कोंडूं नये. त्याची चौकशी निराळ्या न्यायालयांत व्हावी. अधिकाऱ्यानें त्याच्या घरची स्थिति पाहून यावी. आणि मग त्यास देखरेखीखालीं आईबापांकडे, योग्य पालकाकडे किंवा शाळेंत पाठवावें, असा त्याचा आशय. शिक्षेपेक्षां संगोपनाकडे त्याचा कल. फाळणीनंतरचीं तीं वर्षें. निर्वासितांचे लोंढे मुंबईंत व कल्याणच्या छावणींत येत होते. अशा वेळीं तें आसन सांभाळणें सोपें नव्हे.

मुलांच्या ज्या उमरखाडी येथील गृहाचा या न्यायालयाशीं निकट संबंध, तें पूर्वीच्या डोंगरीच्या तुरुंगाच्या जागीं आहे. तेथेंच १८८२ सालीं टिळक व आगरकर यांनीं १०१ दिवस काढले होते. स्वतःच्या तान्ह्या बाळासह तुरुंग पाहिलेली माता, मुलांना तुरुंगापासून वांचविण्याच्या कामावर बसली! मलाहि एकदां एका मुलासाठीं अशा न्यायालयाच्या बाहेर दिवसभर बसावें लागलें आहे. शेजारीं बसलेली त्याची आई एकच प्रश्न पुनःपुन्हां विचारीत होती, ‘फादर, आंत कोणी बाई आहे का हो?’ आज त्या न्यायालयाच्या जागीं बाल न्याय मंडळ आहे. त्यांत दंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजसेवक बसतात, व त्यांपैकीं एक तरी स्त्री असलीच पाहिजे असा कायदा आहे.

पुढील कारकीर्द सर्वश्रुत आहे. १९५२ सालीं बाई राज्यसभेंत गेल्या व श्री. आल्वा लोकसभेंत; १९५७ नंतर त्या गृहखात्याच्या उपमंत्री झाल्या. कुटुंबनियोजनाचा त्यांनीं केलेला पुरस्कार ख्रिस्तसभेच्या शिकवणीशीं जुळणारा नव्हता, हें लपविण्याचें कारण नाहीं. मतभेद असूनहि माणसाच्या सेवेचा आदर करतां येतो. १९६२ सालीं त्या राज्यसभेच्या उपसभापती झाल्या. त्या सभेच्या अध्यक्षपदीं बसलेली ती पहिली स्त्री. १६ नोव्हेंबर १९६९ रोजीं त्यांचा त्या पदाशीं संबंध संपला, आणि चारच दिवसांनीं, २० नोव्हेंबर रोजीं, त्यांचें देहावसान झालें.

२००८ सालीं सरकारनें या पतिपत्नींच्या नांवें टपालाचें तिकीट काढलें. डोंगरीच्या त्या फाटकांतून मुलें मात्र अजून आंत येत आहेत.