आगमनकाळ, नाताळ आणि बाजार

सण आणि बाजार यांची संगत फार जुनी आहे. यरुशलेमच्या मंदिरांत कबुतरें विकणारे व नाणीं मोडून देणारे सराफ बसत. ख्रिस्तप्रभूनें त्यांचे चौरंग उलथून टाकिले, हें धर्मग्रामवासीयांस विदित आहेच. त्या वेळीं बाजार मंदिरांत शिरला होता. आज तो पंचांगांत शिरला आहे.

25 डिसेंबर ही ख्रिस्तजन्माची तिथि रोममधील 354 सालच्या एका पंचांगांत नोंदलेली सांपडते. पुढें ख्रिस्तसभेनें त्या सणापूर्वीं उपवासाचा, पश्चात्तापाचा व प्रतीक्षेचा आगमनकाळ नेमिला. 1223 सालीं संत फ्रान्सिस यांनीं इटलींतील ग्रेच्यो गांवीं गवत, बैल व गाढव आणवून गव्हाणी उभी केली. तींत विकत घेण्याजोगें कांहींच नव्हतें. 1843 सालीं लंडनमध्यें हेन्री कोल यांनीं नाताळचें छापील शुभेच्छापत्र एक शिलिंगास विकावयास काढिलें. 1931 पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनीं तांबड्या अंगरख्याचा हंसरा सांताक्लॉज जगभर पोंचविला. मायरा येथील बिशप संत निकोलस यांच्या नांवाचा हा वारस. त्यांचें गुप्तदान मात्र मागेंच राहिलें.

आपल्या भागांत ही कथा कारखान्यांबरोबर आली. 1954 सालीं पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना झाला; 1962 सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. आकुर्डी-भोसरीच्या शेतांत यंत्रशाळा उभ्या राहिल्या, आणि कालांतरानें चाकणच्या कांदाबाजाराशेजारीं मोटारींचे कारखाने आले. नगर, वसई, गोवा, केरळ येथून आपले लोक पोटासाठीं आले. कोणाच्या घरीं करंज्या, कोणाच्या घरीं फुगे, कोणाच्या घरीं नेवऱ्या होत, आणि ताटें शेजारीं फिरत.

1965 च्या कायद्यानें बोनस हा कामगारांचा हक्क ठरला. तें न्याय्यच झालें. परंतु ही रक्कम बहुधा दिवाळीच्या तोंडावर हातीं येते, आणि दुकानदाराचें वर्ष तिच्याभोंवतीं फिरूं लागलें. दिवाळीचे कंदील उतरतांच त्याच खिळ्यांस नाताळचे तारे लागतात. म्हणून आपला नाताळ आगमनकाळाच्या पहिल्या रविवारापूर्वींच सुरू होतो व 25 तारखेस संपतो; ख्रिस्तसभेचा नाताळ मात्र त्या दिवशीं आरंभ होतो.

यांत हानि कोणाची? ठेकेदाराकडे रोजावर राबणाऱ्याची सर्वांत अधिक. मुलांस नवे कपडे मिळाले नाहींत म्हणून मध्यरात्रीच्या मिस्सेस न येणारीं कुटुंबें आम्हांस ठाऊक आहेत. गोठ्यांत जन्मलेल्या प्रभूच्या सणास गरिबानें लाजून घरीं बसावें, याहून विपरीत तें काय?

दुकानें वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. तेथें आपलीच पुष्कळ माणसें भाकर मिळवितात. आमची विनंती एवढीच, कीं आगमनकाळाचे चार रविवार प्रार्थनेसाठीं राखावे. खरेदींत एक जोड कपडे शेजारच्या मुलासाठीं, नांव न सांगतां, धरावे. आणि नाताळचीं ताटें तीन राजांच्या सणापर्यंत फिरूं द्यावीं. प्रभु आपणां सर्वांचें घर त्याच्या गव्हाणीसारखें सर्वांस मोकळें ठेवो.